दोन आळ्यांची एक होळी

“याला होळीला घरी ठेवायचं म्हणता? लाकडांपायीच तर यानं डोकं फोडलंय,” मॅजिस्ट्रेट बाई म्हणाल्या.

कल्याणचं मुलांचं कोर्ट. समोर चौदा वर्षांचा सदू, मागे पदराचं टोक चावत उभी त्याची आई. होळीसाठी शेजारच्या आळीची लाकडं पळवायची, हा आमच्याकडचा रिवाज. त्या वर्षी मात्र होळीआधीच दांडकी चालली आणि सदूनं पलीकडच्या आळीतल्या गणूच्या डोक्याला खोक पाडली.

मी प्रोबेशन ऑफिसर. म्हणजे पोराला सुधारगृहात न पाठवता घरीच ठेवायचं, आणि त्यानं पुन्हा काही केलं तर बोलणी मी खायची. मी ऐटीत सांगितलं, दोन्ही आळ्यांची एकच होळी करतो. भांडणाचं मूळच जाईल. बाई कबूल झाल्या. पण परत मारामारी झाली तर सदू सुधारगृहात, ही अट. घरी हे ऐकून बायको म्हणाली, “आपली दोन आवरत नाहीत, आणि आता दोन आळ्या का?”

पण पोरांनी ऐकलं. सदू आणि डोक्याला पट्टी बांधलेला गणू एकाच हातगाडीवरून लाकडं ओढू लागले. ढिगात माझ्याच कुंपणाचे दोन वासे दिसले. मी ते ओळखले नाहीत.

होळीच्या संध्याकाळी मी पोरांवर डोळा ठेवून उभा राहिलो. तीच चूक. दोन होळ्या होत्या तेव्हा पेटवायचे मानही दोन होते, हे माझ्या लक्षातच आलं नव्हतं.

“मान आमचा हाय साहेब, पयल्यापासून,” सदूचे आजोबा म्हणाले.

“मंग आमची लाकडं काढून घेतो,” म्हणत गणूचे आजोबा ढीग उपसू लागले. काठ्या उगारल्या गेल्या, दोन-चार बसल्याही. मी मध्ये पडलो आणि नुसताच पडलो. सदूनं एक दांडकं उचललं. त्याच्या आईनं डोळे मिटले. मीही.

“गण्या, यांचं सकालपरत चालंल,” सदू म्हणाला. “तू तिकरून लाव, मी इकरून.”

दांडक्याला त्यानं पेंढा गुंडाळला होता. होळी दोन्हीकडून भडकली. सवयच ती, दोन्ही आजोबांनी एका हातात काठी तशीच धरून दुसरा तोंडावर नेला आणि दणकून बोंब ठोकली.

कोर्टात बाईंनी विचारलं, “मारामारी झाली?”

“झाली. पण माझ्याकडची मुलं त्यात नव्हती.”

सदू घरीच राहिला. आमचा तेव्हाचा कायदा सोळा वर्षांखालच्यांना सुधारायचा. वरच्यांसाठी खात्याकडे अजून काही सोय नाही.