लाल मण्याचं घराणं

मनोजचा फोन आला तेव्हा माझा उजवा हात कोपराच्या वरपर्यंत पाण्यात होता. माशांच्या अंड्यांच्या गोल टाकीतलं पाणी मी हातानं फिरवत होते. डाव्या हातानं फोन कानाला लावला. मनोज माझा भाचा, एरवी बडबड्या; त्या दुपारी नुसतं "आत्या..." म्हणाला आणि थांबला. माझा धाकटा भाऊ भास्कर जळगावच्या दवाखान्यात वारला, हे त्या एका शब्दातच कळलं. सव्वादोन वाजले होते. मी फोन कठड्यावर ठेवला आणि हात पुन्हा पाण्यात घालून फिरवू लागले. यावरून नातेवाइकांनी मला पुष्कळ नावं ठेवली आहेत. ठेवू देत. चाळीस वर्षं शाळेत शिकवलं, नावं ठेवून घ्यायची सवय आहे. पण तो हात का थांबला नाही, हे एकदा सांगायला हवं, म्हणून आज दोन महिन्यांनी लिहायला बसले आहे.

चोपड्याजवळ आमची केळीची शेती. घरात मासळी कधी शिजली नाही. भास्करनं शेततळ्यात रोहू सोडले तेव्हा आईनं त्याला सहा महिने आंघोळीशिवाय स्वयंपाकघराचा उंबरा ओलांडू दिला नाही. त्यानं स्वतः शेवटपर्यंत माशाचा तुकडा तोंडात घातला नाही. पण आमच्याकडच्या तळ्यांचं दुखणं त्याला बरोबर कळलं होतं. तळ्याला पाणी राहतं माघापर्यंत. बाजारातून आणलेलं बीज, म्हणजे माशांची पिल्लं, तोवर विकण्याजोगं होतच नाही. मासा मोठा व्हायच्या आत पाणी संपतं. म्हणून आपल्या पाण्यात, आपल्या मुदतीत वाढणारा रोहू आपणच तयार करायचा, असं त्यानं डोक्यात घेतलं. दरवर्षी सगळ्यात लवकर वाढलेले मासे निवडायचे, पुढची वीण त्यांचीच घ्यायची. निवडलेला मासा ओळखू यावा म्हणून पाठीवरच्या पराजवळ नायलॉनच्या दोऱ्यानं रंगीत मणी ओवायचा. मणी आणायचा चोपड्याच्या बांगडीवाल्याकडून. तो बिचारा समजायचा की भाऊंच्या घरात लेकीच लेकी आहेत.

पहिली जोडी त्यानं निवडली ती खरोखर देखणी होती. त्यांना लाल मणी. त्यांच्या पिल्लांतली सर्वांत चांगली निवडली, त्यांनाही लाल मणी, मग त्यांची पिल्लं... पहिली तीन वर्षं मासे असे वाढले की गावातले लोक तळ्यावर बघायला येत. मग पाठी वाकड्या होऊ लागल्या. अंडी पांढरी पडून कुजू लागली. भास्करनं पाण्याला दोष दिला, खाद्याला दिला, शेवटी तळ्याच्या खांबाला लिंबू-मिरच्याही बांधल्या. मी भुसावळहून आले होते. सोयरीक जुळवण्यात माझा हात धरणारा दोन तालुक्यांत नाही, हे मी गर्वानं नाही, अनुभवानं सांगते. जाळ्यात आलेले मासे पाहिले. आईला लाल मणी, बापाला लाल मणी, सगळ्या गोतावळ्याला लाल मणी.

"आरे भास्कर," मी म्हटलं, "तू ते भाऊ-बहीननं लगीन लाई ऱ्हायना."

केळीवाल्याचीच चूक होती ती. केळीत उत्तम झाडाचा कंद घेतला की उत्तम झाडच येतं, आई तशी लेक. पिढ्यान्‌पिढ्या आमच्या घरानं तेच केलं. माशाला मात्र बाप लागतो आणि तो परक्या घरचा लागतो, एवढी साधी गोष्ट त्याच्या ध्यानात आली नव्हती. त्या दिवशी तो जेवला नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी मला म्हणाला, आता लगनं तू जुळव. मत्स्यखात्याचे साहेब पुढे आले आणि हेच मोठमोठ्या शब्दांत सांगू लागले, तेव्हा हा मोठ्या ऐटीत म्हणाला की आमच्या अक्कानं हे आधीच सांगून ठेवलं आहे.

पण व्हायचं ते नुकसान झालं होतं. दर वर्षी वाकडे मासे बाजूला काढता काढता यंदा लाल मण्याच्या सरळ पाठीच्या फक्त दोन माद्या उरल्या. वय झालेल्या. तापीवरच्या भोई मंडळींकडून नदीतले नर आणले, त्यांना पांढरे मणी ओवले. यंदा जमलं तर घराणं टिकेल, नाहीतर इतक्या वर्षांची निवड संपली, हे आम्हा दोघांनाही माहीत होतं. तो गेला त्याच्या आदल्या संध्याकाळी माशांना विणीची इंजेक्शनं दिली, पहाटे माद्यांनी अंडी सोडली. साबुदाण्यासारखी, स्वच्छ. दहाच्या सुमाराला पाहिलं तर भास्कर टाकीचा कठडा धरून उभा, कपाळावर घाम. हृदयाचा एक झटका आधी येऊन गेला होता, त्यामुळे ओळखायला वेळ लागला नाही. मनोजनं गाडी काढली, भास्करची बायको शालू मागे बसली. मीही पाय उचलला, तर भास्करनं माझा हात धरला.

"तू नको येऊ, अक्का. टाकीजोडे थांब. पानी थांबनं ते बठ्ठं गयं."

पाणी थांबलं की सगळंच गेलं, म्हणे. मी रागावले. मग थांबले. आयुष्यात त्याचं फार कमी ऐकलं होतं, तेवढं ऐकलं.

साडेअकराला वीज गेली. पंप बंद पडला. जनरेटर दोनदा खोकला आणि गप्प झाला. मी दोरी ओढून ओढून दमले. टाकीतलं पाणी मंदावत मंदावत थांबलं आणि अंडी तळाकडे बसू लागली. थरावर थर बसला की खालची गुदमरतात, हे त्यानं मला शंभरदा सांगितलं होतं. नेमका तेव्हाच फोन वाजला. भास्कर. आवाज अगदी खोल गेलेला.

"पानी फिरी ऱ्हायनं ना?"

समोर पाणी काचेसारखं उभं होतं.

"फिरी ऱ्हायनं," मी म्हटलं. "तू पडी ऱ्हाय."

"हां," म्हणाला. एवढंच. फोन मनोजनं घेतला.

मी आयुष्यात भावाशी पुष्कळ भांडले, खोटं कधी बोलले नव्हते. बोलले तेही अगदी शेवटी. पदर खोचला, हात आत घातला आणि टाकीभोवती फेऱ्या घालत पाणी फिरवू लागले. काठी चालत नाही, अंडी फुटतात. हातच लागतो. माझं खोटं खरं करायचं होतं आणि त्याला वेळ थोडा होता. म्हणून सव्वादोनला हात थांबला नाही. साडेतीनला वीज आली, पंप सुरू झाला आणि मग मी तिथेच मातीत बसून मोठ्यानं रडले. त्याला घरी आणलं तेव्हा मी दारात होते. अंड्यांतून पिल्लं त्या संध्याकाळी बाहेर आली. पाहायला कोणी नव्हतं.

जिऱ्याएवढी होती ती पिल्लं आता बोटाएवढी झाली आहेत. मी अजून भुसावळला परतले नाही. रोज थोडी जाळ्यात घेते आणि भास्कर करायचा तसा एकेकाच्या पाठीवरून अंगठा फिरवते. पाठी सरळ आहेत. त्याचा हात शेवटच्या क्षणी माझ्या हातात नव्हता, हे मला रोज सलतं आणि सलत राहील. पंपाच्या खोलीत खिळ्याला त्याची मण्यांची डबी तशीच टांगलेली आहे. पिल्लं मणी पेलण्याएवढी झाली की लाल आणि पांढरा, दोन्ही ओवणार आहे. आईचाही, बापाचाही.

मनोज कामानं जळगावला गेला की दुपारी फोन करतो. बापाचीच सवय. "आत्या, पाणी फिरतंय ना?" मी त्याला थांब म्हणते, चपला घालते, टाकीपर्यंत चालत जाते, पाणी डोळ्यांनी बघते. मगच सांगते.