माडीवाल्या काकूंचं मत आणि माझी इलेक्शन ड्युटी

या प्रवासाला जायचं मी ठरवलं, असं म्हणायची सोय नाही. आदेश आला. आमच्या कार्यालयात इलेक्शन ड्युटीचा कागद आला की निम्म्या लोकांची कंबर त्याच दिवशी धरते. मीही चिंचवडच्या आमच्या डॉक्टरांकडे जाऊन आले, पण रक्तदाब नेमका त्या दिवशी शहाण्यासारखा वागला. मग मुकाट्याने पिशवी भरली. पांघरूण, पाण्याच्या दोन बाटल्या, टॉर्च, डासांची उदबत्ती आणि आईच्या पद्धतीच्या दशम्या. पहिल्यांदा ड्युटी आलेल्यांनी डोळे झाकून हेच न्यावं. चपला मात्र सैल न्याव्यात, संध्याकाळपर्यंत पाय सुजतात.

आदल्या दिवशी सकाळी सातला साहित्य वाटपाच्या मैदानावर हजर व्हायचं होतं. भोसरी, मोशी करत चाकणचा रस्ता धरायचा असेल तर साडेपाचच्या आत घर सोडा. त्यानंतर निघालात तर कंपन्यांच्या बसगाड्यांमागे उभं राहून त्यांच्या पाठीवरची अक्षरं पाठ होतात. मी वेळेत निघाले, म्हणून मोशीच्या पुढे एका पत्र्याच्या टपरीवर मिसळ खायला सवड मिळाली. तर्री जपून मागा. चाकण जवळ आलं तसा कांद्याच्या ट्रकांचा वास सुरू झाला आणि मला उगाचच भरून आलं. लहानपणी याच वासावरून मला कळायचं की एसटी आता थांबणार आणि आपण घरी आलो.

कुठलं केंद्र मिळणार, हे त्या सकाळपर्यंत कुणालाच ठाऊक नसतं. आमचे केंद्राध्यक्ष म्हणजे एका हायस्कूलचे गणिताचे सर, प्रत्येक वस्तू दोनदा मोजणारे. त्यांनी कागद उघडून गावाचं नाव वाचलं आणि मी मटकन खाली बसले.

"मॅडम, मशीनच्या पेटीवर नका बसू!" सर ओरडले.

ते माझं गाव होतं. म्हणजे तसं भाड्याचं. अण्णा, माझे वडील, परांड्याकडून एका कारखान्याच्या प्रेस शॉपमध्ये, म्हणजे पत्रा दाबून भाग बनवायच्या विभागात, नोकरीला आले तेव्हा इथल्या एका खोलीत आम्ही राहिलो. मी तेव्हा पहिलीत होते, आणि सातवी होईपर्यंत तिथेच वाढले. घरमालकीणबाईंना सगळे माडीवाल्या काकू म्हणत, कारण गावात माडी त्यांच्याच घराला होती. त्यांचं खरं नाव विचारावं असं कधी मनात आलं नाही.

दुपारी शाळेत मशीन मांडून झाल्यावर मी गावात चक्कर मारली. माडी नव्हती. खोल्याही नव्हत्या. तिथे निळ्या पत्र्याचं लांबलचक गोदाम होतं आणि दाराशी हिंदी बोलणारा रखवालदार. सकाळच्या पाण्यासाठी आम्ही हंड्यांची रांग लावायचो तो नळ कुठे असेल, याचा अंदाज पावलं मोजून घेतला. तिथे फोर्कलिफ्ट उभी होती. अण्णांच्या कपड्यांना मशीनच्या तेलाचा वास असायचा, आई तो घालवायला सोडा घालून कपडे उकळायची, आणि काकू माडीवरून ओरडायच्या, "किती गं घासशील, सदरा फाटंल!" हे सगळं त्या पत्र्यासमोर उभं राहून आठवलं आणि खूप एकटं वाटलं.

मतदानाच्या दिवशी पहाटे पक्षांच्या प्रतिनिधींसमोर चाचणी मतदान करून दाखवायचं, मग ती मतं पुसायची, आणि सातला दार उघडायचं. माझं काम पहिल्या टेबलावरचं. ओळखपत्र पाहायचं, यादीत नाव शोधायचं आणि पक्षांच्या प्रतिनिधींना ऐकू जाईल इतक्या मोठ्याने वाचायचं. शेजारी आणखी एक यादी असते, गैरहजर, स्थलांतरित आणि मृत मतदारांची. त्यातलं कुणी आलंच तर ओळख कसून तपासायची. दुपारपर्यंत माझा घसा बसला. जेवण मात्र गावाने झकास दिलं, पिठलं, भाकरी आणि ठेचा.

साडेपाचला एक म्हातारी टेबलापाशी आली. तिने मतदार चिठ्ठी पुढे केली. हौसाबाई असं नाव, आणि दुसऱ्या यादीत त्यापुढे शेरा, स्थलांतरित.

"आजी, ओळखपत्र?"

"चिठ्ठी हाय की." मग माझ्याकडे निरखून बघत म्हणाली, "मंगे? तू व्हय गं?"

माडीवाल्या काकू.

प्रतिनिधी एका सुरात म्हणाले, "मॅडम, काकूच आहेत, करू द्या मतदान." सर उठून आले. चिठ्ठी हा ओळखीचा पुरावा नाही, हे त्यांनी शांतपणे सांगितलं.

"सर, मी ओळखते यांना. लहानपणापासून."

"तुम्ही ओळखता, हे मी कुठल्या रकान्यात लिहू?"

काकू टेबलाला धरून उभ्या होत्या. "जमीन गेली, माडी गेली. लेकाकडं चाकणला ऱ्हाते आता. दोन रिक्षा बदलून आले मंगे. या गावात माझं म्हणून एक मतच ऱ्हायलंय. त्ये बी गेलं, तर मी हितली कोन?"

फोटोचं बँक पासबुक चाकणच्या घरी होतं. बाहेरच्या मदत टेबलावरच्या अंगणवाडीताईंनी काकूंच्या सुनेला फोन लावला. स्कूटरने दहा मिनिटांचा रस्ता, पण संध्याकाळी चाकणच्या चौकात दहा मिनिटांना काही अर्थ नसतो. मी काकूंना म्हटलं, "रांगेच्या शेवटी जाऊन उभ्या राहा. काही झालं तरी रांग सोडू नका."

कारण सहाला फाटक बंद होतं आणि जे रांगेत असतील त्यांना क्रमांकाच्या चिठ्ठ्या मिळतात, शेवटच्या माणसापासून सुरुवात करून. सरांनी पहिली चिठ्ठी काकूंच्या हातात दिली. चिठ्ठी पहिली, पाळी शेवटची.

खिडकीतून त्या दिसत होत्या आणि मला एक कागद आठवत होता. अण्णांना रेशन कार्ड हवं होतं. भाडेकरूला असा कागद घरमालक देत नाहीत, आजही देत नाहीत. ही माणसं माझ्याकडे राहतात, असं लिहिलेल्या कागदावर काकूंनी मात्र अंगठा उठवला होता. त्या कार्डावर आमचं साखर-रॉकेल आलं, माझा दाखला झाला, पुढे नोकरीसुद्धा.

साडेसहाला रांग संपली. काकू एकट्या उरल्या. सरांनी घड्याळ पाहिलं, काकूंकडे पाहिलं, आणि परत आलेल्या चिठ्ठ्या मोजायला घेतल्या. मोजून झाल्या. मग त्यांनी त्या पुन्हा पहिल्यापासून मोजायला घेतल्या, सावकाश. त्या माणसाचा दिवसभर राग आला होता, तो तिथे संपला.

फाटकाच्या गजातून पोलिसाने पासबुक आत घेतलं तेव्हा बाहेर काकूंची सून धापा टाकत होती. सरांनी फोटो पाहिला, मान हलवली. मी उरल्यासुरल्या आवाजात नाव वाचलं. काकूंनी नोंदवहीत सही केली, एकेक अक्षर कोरून. ती सही मी तिसरीत असताना माझ्या पाटीवर त्यांना शिकवली होती.

"काकू, अंगठाही लागेल," मी म्हटलं. स्थलांतरितांच्या त्या यादीतल्या मतदाराची सही आणि अंगठा दोन्ही घेतात. मला फार ओशाळल्यासारखं झालं.

"सही येती की मला." मग हसल्या. "बरं. तवा तुमच्यापायी दिला व्हता, आज माझ्यापायी देती."

मशीनचा लांब आवाज आला आणि सरांनी मतदान संपल्याचं जाहीर केलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी चिंचवडला अण्णांच्या हातात चहा देऊन मी सगळं सांगितलं. पत्ता बदलायचा अर्ज भरू का, असं विचारल्यावर काकूंनी मला कसं झिडकारलं तेही सांगितलं. अण्णांनी चहाचा कप खाली ठेवला.

"रेशन कार्डाच्या त्या कागदावर एक ओळ होती," ते म्हणाले. "यांना किती वर्षांपासून ओळखता? लिहिणाऱ्यानं विचारलं, तर ती म्हणाली, लिव्हा पाच. आपल्याला तिच्याकडं येऊन आठ दिवस झाले होते, मंगल."

मी तिला सगळा जन्म ओळखत होते, आणि मी ओळखपत्र मागितलं.