पहिल्याच दिवशी जमा केलेली बंदूक

नोकरीतली बाकीची प्रकरणं आठवायची तर मला जुन्या डायऱ्या काढाव्या लागतात. या एका प्रकरणाला डायरी लागत नाही. पनवेल भागातलं, विधानसभेच्या निवडणुकीतलं ते प्रकरण आहे, आणि त्यात माझा वाटा काय होता हे मी आजवर कोणालाही सांगितलेलं नाही. बायकोलाही नाही. नावं मी कोणाचीच देणार नाही.

मतदारसंघांची फेररचना नुकतीच झाली होती. उरण वेगळं निघालं होतं आणि सगळ्यांचीच जुनी गणितं कोलमडली होती. कोणतं गाव कोणाच्या बाजूला हे कार्यकर्त्यांनाच कळेना, त्यामुळे एकेका पाड्यासाठी ओढाताण चालली होती. मी तिथल्या एका पोलीस ठाण्याचा प्रभारी होतो. आचारसंहिता लागली की ठाण्यात श्वास घ्यायला फुरसत नसते. तडीपारीचे प्रस्ताव, जुन्या गुन्हेगारांकडून चांगल्या वर्तणुकीचे बाँड, नाकाबंदी, मतदान केंद्रांची पाहणी, आणि त्यातच परवानाधारकांकडची शस्त्रं जमा करून घेणं. कोणाचं शस्त्र जमा करायचं हे नियमाने छाननी समिती ठरवते. आम्ही मात्र सरसकट सगळ्यांना नोटिसा काढायचो. माणूस बघून विचार करायला वेळ कोणाला होता?

पहिल्याच दिवशी सकाळी एक साठीचा शेतकरी एकनळी बंदूक धोतराच्या फडक्यात गुंडाळून घेऊन आला. गावात त्यांना सगळे नाना म्हणत, मीही तेच म्हणतो. शेतसंरक्षणाचा परवाना होता, रानडुकरांसाठी घेतलेला. टेबलावर बंदूक ठेवली आणि हात तिच्यावरच ठेवून ते उभे राहिले.

"सायब, हिला नाय ठेवली तर चालंल का? डुकरा कवाच गेली. डोंगरच नाय राहिला तर डुकरा कुठशी? ही मी दारात टांगतो ती डंपरवाल्यांना दिसाया."

नानांच्या शेतामागचा डोंगर खोदून मुरूम उलव्याकडे भरावाला जात होता. हमरस्त्याला लागायची जवळची वाट त्यांच्या शेतातून जात होती, आणि ते ती देत नव्हते. मुरमाचा ठेकेदार मोठा माणूस होता. त्याला सगळे शेठ म्हणत. निवडणुकीत त्याच्या गाड्या एका उमेदवारासाठी धावत होत्या. नानांचं घर गावाबाहेर, शेतावर. घरात नाना आणि त्यांची बायको, दोघंच.

"तिच्यात काडतूस पण नाय सायब. पण ती हाय म्हणून ते लांबशी बोलतात."

मी म्हटलं, "नाना, महिन्याभराचा प्रश्न आहे. निकाल लागला की आठवड्यात परत. काही झालं तर मी आहे ना?"

हे वाक्य मी नोकरीत किती जणांना ऐकवलं असेल, देव जाणे. त्यांनी हात उचलला. मुद्देमाल कारकुनाने पावती फाडली. ते पावती वाचल्यासारखं करून, घडी घालून निघून गेले.

बाकीच्या परवानाधारकांनी माझ्या नाकी नऊ आणले. बिल्डर, माजी सरपंच, हॉटेलवाले, सगळ्यांकडे रिव्हॉल्व्हर, आणि प्रत्येकाला सूट हवी. कोणी जिवाला धोका असल्याचा अर्ज देई, कोणी वरून फोन लावी. हे सगळं डोक्यात घेऊन मी शांतता समितीच्या बैठकीला गेलो. सगळ्या पक्षांचे प्रतिनिधी, सरपंच, पोलीस पाटील आणि त्यांच्यामागून आलेली माणसं अशी हॉलभर गर्दी होती. नानांनाही मीच निरोप पाठवून बोलावलं होतं. त्यांच्या गावातून दुसरं कोणी आलं नव्हतं. मी त्यांना उभं केलं आणि माईकवर म्हणालो, "हे नाना. गावाबाहेर नवराबायको दोघंच राहतात, तरी पहिल्याच दिवशी यांनी बंदूक जमा केली. तुम्ही मोठी माणसं. थोडी लाज वाटू द्या."

टाळ्या पडल्या. मला बरं वाटलं, खरं सांगतो. नाना हात जोडून उभे होते. त्यांनी एकदा माझ्याकडे पाहिलं आणि खाली बसले. ते लाजले असं मला वाटलं. इतका मी बिनडोक होतो.

मतदानाला आठ दिवस असताना दुपारी फोन आला की शेतातल्या वाटेवर डंपरखाली माणूस आला आहे. जाऊन पाहिलं तर नाना. बायको भाजी विकायला पनवेलच्या बाजारात गेलेली होती. डंपर पसार झाला होता. पंचनामा करताना मी घराचीही पाहणी केली. दाराच्या खुंटीवर गोणपाटात गुंडाळलेलं लांबट काहीतरी होतं. सोडून पाहिलं तर साधी काठी निघाली. "एक काठी, गोणपाटात गुंडाळलेली" असं मी पंचनाम्यात घालायला लावलं आणि पुढे गेलो.

डॉक्टरांनी शवविच्छेदनात सांगितलं की डोक्यावरचे घाव आधीचे आहेत, चाक नंतर गेलं आहे. तोवर बाहेर राजकारण पेटलं होतं. एक बाजू म्हणत होती, आमचा कार्यकर्ता मारला. दुसरी म्हणत होती, साधा अपघात आहे, भांडवल करू नका. नाना कोणाचेच कार्यकर्ते नव्हते. वरिष्ठांचा फोन आला, "मतदान होईपर्यंत अपघात म्हणूनच राहू दे, नंतर बघू." मी ऐकलं नाही. त्याच संध्याकाळी खुनाचा गुन्हा नोंदवला. वरिष्ठांपुढे उभं राहायची धमक माझ्यात होती. पुढचं वाचताना हेही लक्षात असू द्या.

खबर मिळाली ती ठाण्यासमोरच्या चहावाल्याकडून. म्हातारा कोकणी मुसलमान, आम्ही त्याला चाचा म्हणायचो. डोंगरावरच्या वाडीतली एक कातकरीण त्याला जळणाच्या मोळ्या आणून द्यायची. चाचा ग्लास ठेवता ठेवता म्हणाला, "साहेब, खुदा के वास्ते माझं नाव कुठं येऊ देऊ नका. त्या बाईनं बघितलंय."

मी ठाण्यात बोलावलं असतं तर ती आली नसती. चाचाच्या टपरीमागे मोळीवर बसून तिच्याशी बोललो. डंपरचा सुपरवायझर खाली उतरला, नाना आडवे उभे राहिले, हे तिने वरून पाहिलं होतं.

"मंग त्यानं दाराकडं बघला. आनि हसला," ती म्हणाली. "मंग पहार काढली."

"कोर्टात सांगशील?"

"नाय सायब. आमाला वीटभट्टीवर जायाचा हाय. ती भट्टी पन त्याच शेठची."

मी जास्त ताणलं नाही. तिचं बोलणं खरं होतं.

सुपरवायझर शेजारच्याच गावचा, तिशीचा, बोलायला नम्र. त्याला आणून बसवलं. माझा एक अनुभव सांगतो. निर्दोष माणूस पहिल्यांदा घरी फोन करू द्या म्हणतो. ज्याने केलेलं असतं तो विचारतो, साहेब, माझं नाव कोणी घेतलं? याने तेच विचारलं. पण पुढचे दोन दिवस तो हलेना. डंपर दुसरीकडे होता, मी ठाणे शहरात होतो, ओवे गावात मामाकडे गेलो होतो, रोज नवी कहाणी. मी हात उचलला नाही. माराने माणूस आपल्याला हवं ते बोलतो, त्याचा तपासाला काडीचा उपयोग नसतो.

तिसऱ्या दिवशी सकाळी चहा दिला आणि इकडचं तिकडचं बोलता बोलता म्हटलं, "तू धीट आहेस हां. दारात बंदूक टांगलेली दिसत असताना त्या म्हाताऱ्याच्या अंगावर गेलास."

तो पटकन बोलून गेला, "बंदूक कुठली साहेब? काठी होती ती गोणपाटातली."

बोलल्यावर त्याच्या लक्षात आलं. माझा हवालदार लिहीत होता, त्यानेही मान वर केली. प्रकरण फुटलं होतं. मी खुशीत पुढचा प्रश्न विचारला. विचारायला नको होता असं आजही वाटतं.

"काठी आहे हे तुला कसं कळलं?"

त्याने माझ्याकडे असं पाहिलं, जणू मी त्याची थट्टा करतोय. "साहेब, तुमीच सांगितलात ना. बंदूक पहिल्याच दिवशी जमा केली म्हणून. मी मीटिंगला होतो, शेठबरोबर आलो होतो. मागं उभा होतो. टाळ्या पण मारल्या."

मग तो मोकळा होत गेला. बैठकीहून परतताना शेठ गाडीत म्हणाला होता, म्हातारा आता रिकामा आहे, मतदानाच्या आत रस्ता करून घे, पुढचं मी बघतो. गाडीचा ड्रायव्हर हे ऐकत होता. पहार कोणत्या नाल्यात टाकली तेही त्याने सांगितलं. शेवटी म्हणाला, "मॅजिस्ट्रेटसमोर सांगू काय साहेब? शेठचा पण सांगतो. मी एकटा कशाला मरू?"

कायदा माहीत नसलेल्यांसाठी सांगतो. पोलिसांपुढचा कबुलीजबाब कोर्टात चालत नाही. मॅजिस्ट्रेटपुढे दिलेला चालतो. त्या दिवशी तो तयार होता. ड्रायव्हरलाही उचलून जबाब घेता आला असता. शेठपर्यंत जायची वाट समोर उघडी होती. फक्त ती वाट माझ्या भाषणातून जात होती. बैठक, माईक, नाना, टाळ्या, हे सगळं कागदावर आलं असतं. दुसऱ्या दिवशी पेपरात आलं असतं. चौकशी लागली असती.

हवालदाराने पेन थांबवलं होतं. त्याने हळू आवाजात विचारलं, "साहेब, हे लिहू?"

मी म्हणालो, "पहारीचं लिही."

नाल्यातून पहार काढली, पंचांसमक्ष जप्त केली. आरोपी अटक, हत्यार जप्त, मतदानाच्या आत गुन्हा उघड. मला प्रशस्तिपत्र मिळालं. आठवड्याभरात शेठने आरोपीला वकील दिला आणि त्याच्या घरचं सगळं बघायला सुरुवात केली. त्यानंतर त्या माणसाने तोंड उघडलं नाही. कातकऱ्यांची वाडी भट्टीवर गेली. पुढे खटला चालला आणि सुपरवायझर एकटाच शिक्षा भोगायला गेला. निवडणुकीच्या निकालाच्या दिवशी विजयी मिरवणुकीत उघड्या जीपवर शेठ हार घालून उभा होता आणि बंदोबस्ताला मी होतो. दुसरा उमेदवार निवडून आला असता तर तो त्याच्या जीपवर असता.

आचारसंहिता उठल्यावर शस्त्रं परत द्यायला सुरुवात झाली. रिव्हॉल्व्हरवाल्यांची रांग लागली, त्यात नानांची बायको येऊन उभी राहिली. मी तिला आत बोलावलं. परवाना नानांच्या नावावर, त्यामुळे बंदूक देता येत नाही, हे कसं सांगावं याची मी जुळवाजुळव करत होतो.

"बंदूक नको मला," ती म्हणाली. "एक विचाराया आले. ती काठी मीच गुंडाळली होती. लांबशी बंदुकीसारखीच दिसायची. बंदूक दिली ते आमी कोनाला सांगितला नव्हता. हे मीटिंगशी आले ते काय बोलले नाय, नुसते पडून राहिले. मंग त्या डंपरवाल्यांना कोनी सांगितला?"

नानांनी तिला सांगितलंच नव्हतं. मी त्यांचं भर सभेत काय केलं हे त्या माणसाने घरी जाऊन बायकोला सांगितलं नव्हतं.

"फक्त माज्या भावाला ठाऊक होता," ती पुढे म्हणाली. "तो त्या शेठच्याच साइटवर वॉचमन हाय. औंदा मी त्याला ओवाळला नाय. दारात आलेला, परत धाडला. सायब, तुमी तपास केलाय. त्यानंच सांगितला का? तेवढा एक सांगा."

भावाने नाही, एवढं तरी मी म्हणायला हवं होतं. ते म्हटलं की पुढचा प्रश्न येणार होता, मग कोणी? आणि त्या प्रश्नाला मी घाबरलो. ज्या माणसाने वरिष्ठांचा फोन धुडकावला तो एका भाजीवालीच्या प्रश्नाला घाबरला.

मी म्हणालो, "ते तपासात निष्पन्न झालं नाही."

तिला निष्पन्न म्हणजे काय ते कळलं नसावं. माझ्या तोंडाकडे बघून तिने स्वतःच अर्थ लावला. "म्हंजे त्यानंच," ती म्हणाली आणि उठली. मी तिला थांबवलं नाही.

या प्रकरणाने मला काय शिकवलं, असं लोक विचारतात तेव्हा मी व्याख्यानात दुसरंच काहीतरी सांगतो. शस्त्र जमा करताना माणूस बघा, यादी बघू नका, वगैरे. खरं आहे तेही. पण मी शिकलो ते एवढंच की मी भित्रा आहे, आणि हे कळून मला काही सुधारता आलं नाही. त्यानंतर बरीच वर्षं नोकरी केली. तिच्या गावावरून किती वेळा गेलो. एकदाही जीप थांबवली नाही.

ती गेल्याचं मला उशिरा समजलं. हवालदाराने सांगितलं, तोही आता निवृत्त आहे. शेवटपर्यंत तिने भावाला घरात घेतलं नाही. तो मयतीला आला तर गावाने त्याला खांदा देऊ दिला नाही. तो भाऊ अजून आहे. उलव्याला एका इमारतीच्या गेटवर बसतो. मी एकदा जाऊन समोरच्या फुटपाथवर उभा राहिलो, आणि परत आलो. म्हणून हे लिहिलं. त्याला वाचता येत नाही, हे मला माहीत आहे.