चार वाजताचा गूळ

१९८०च्या दशकात मी चंद्रपूरच्या एका छापखान्यात कंपोझिटर, म्हणजे अक्षरांचे खिळे जुळवणारा, होतो. वय एकोणीस. लग्नपत्रिका, नाटकांची हस्तपत्रकं आणि एक साप्ताहिक तिथं छापलं जाई. खिळे शिशाचे, त्यामुळे दुपारपर्यंत बोटं काळी होत. शिसं अंगाला बाधतं हे सगळ्यांना ठाऊक होतं आणि त्यावरचा उपायही ठरलेला होता. चार वाजता फोरमन प्रत्येकाला गुळाचा खडा देत. गूळ शिसं पोटातून काढतो, असं ते सांगत. आम्ही काम न थांबवता खडा तोंडात टाकायचो आणि बोटं चाटायचो.

शेजारच्या केसवर, म्हणजे खिळ्यांच्या खणांच्या पेटीवर, सिंदेवाहीकडचा माझ्याच वयाचा मित्र होता. त्याला वनरक्षक व्हायचं होतं. भरतीत लांब चालण्याची परीक्षा असे. ती चार महिन्यांवर आली आणि याच्या पोटात कळा सुरू झाल्या. चेहरा पिवळट पडला. जिना चढला तरी धाप लागे.

"गूळ कमी पडून राह्यला बे तुले," फोरमन म्हणाले आणि दोन खडे देऊ लागले. कळा वाढल्या.

मी त्याला दवाखान्यात नेलं. डॉक्टरबाईंनी त्याचा ओठ वर करून पाहिलं.

"छापखान्यात आहेस?"

"तुमाले कसं समजलं बाई?"

"हिरडीवर शिशाची निळी रेघ आहे. कामावर काय खातोस?"

"गूळ. शिसं निघाले पायजे म्हणून."

"हात धुऊन?"

त्याने माझ्याकडे पाहिलं, मी माझ्या बोटांकडे.

"अरे, शिसं गुळाला लावून खाताय तुम्ही!" बाईंना हसू आवरेना. मग त्यांनी रक्त तपासायला पाठवलं आणि खिळ्यांना हात लावायचा नाही, अशी सक्त ताकीद दिली. तपासणीत त्यांचं म्हणणं खरं निघालं.

आम्ही छापखान्यात रेघेचं सांगितलं, पण फोरमनना ते पटलं नाही. "वीस वर्षं झाली, मले काई झालं नाई." पण थोड्या वेळाने समोरच्या पानठेल्याच्या आरशात ते ओठ वर करून उभे दिसले. दुसऱ्या दिवशी नळाशी सुतळीने बांधलेली साबणाची वडी लटकत होती. चार वाजता फोरमन म्हणाले, "हात दाखवा." नखं पाहिल्याशिवाय खडा मिळेना.

मित्राला त्यांनी पायाने चालवायच्या ट्रेडल मशीनवर घातलं. "चाल आता इथीच, गडचिरोलीपर्यंत," असं ते त्याला रोज चिडवत. कळा हळूहळू थांबल्या. पोटऱ्या भरल्या. पुढे तो सकाळी लोहाऱ्याच्या रस्त्यानं चालायला जाऊ लागला.

परीक्षेच्या दिवशी चार वाजायच्या सुमारास तो धुळीने माखून छापखान्यात शिरला. हातात गुळाची अख्खी ढेप होती.

"झालो पास, भाऊ!"

फोरमन उठले. त्यांचे डोळे भरले होते. मित्राने ढेप फोडून पहिला तुकडा त्यांच्यापुढे धरला. त्यांनी तो घेतला नाही.

"काऊन बे, हात धुतले का?"

तो हसत नळाकडे पळाला.