चाकावरचा सत्तेचाळीस नंबर

तर रे स्टॅनेक दूधखोलीतल्या चाकावरचे नंबर वाचून गोठ्यात शिरला, या टोकापासून त्या टोकापर्यंत दोनदा फिरला, तरी सत्तेचाळीस नंबरची गाय त्याला काही सापडेना. रे म्हणजे गायींचे खूर तासणारा. विस्कॉन्सिनच्या त्या टेकड्यांमधल्या शंभरेक गोठ्यांतून त्याचा हात फिरलेला. गाय नुसती चार पावलं चालली की कुठलं नख दुखतंय ते सांगेल, असा माणूस. त्याला गाय सापडू नये म्हणजे गुरवाला देऊळ न सापडण्यातलाच प्रकार. पण सापडणार कुठून? लाइल ब्रेक्केच्या दावणीला गायी होत्याच मुळी सेहेचाळीस.

आता हे सत्तेचाळीस काय प्रकरण, ते आदल्या हिवाळ्यापासूनच सांगायला हवं.

लाइल एकसष्टीचा, दोन माणसांइतका रुंद आणि अर्ध्या माणसाइतकं बोलणारा. साखरेचं दुखणं बरीच वर्षं अंगात, पण त्याच्या लेखी ते दुखणं म्हणजे न बोलावलेला पाहुणा, लक्ष दिलं नाही की कंटाळून जाईल. पाहुणा गेला नाही. फेब्रुवारीत जाताना लाइलच्या डाव्या पायाची करंगळी घेऊन गेला आणि परत येऊन बसला. दवाखान्यातली नर्स डोलोरेस गोड बोलणाऱ्यांतली नव्हती. ती म्हणाली, "मिस्टर ब्रेक्के, पुढच्या खेपेला बोटावर भागणार नाही."

हे त्याला कुणी समजावून सांगायची गरज नव्हती. त्याच्या सीगर्ड काकाचं आधी बोट गेलं, मग पाऊल, मग गुडघ्यापासून पाय. गुडघा गेला त्याच आठवड्यात काकाच्या गायी ट्रकमध्ये चढल्या. त्या चढवायला एकोणीस वर्षांचा लाइलच होता. शेवटची गाय चढेना, तेव्हा काकानं कुबडीवर उभं राहून तिला हाक मारली, आणि हाकेसरशी ती मुकाट्यानं चढली. लाइलला ती हाक अजून ऐकू यायची. पाय राहिला तर गोठा राहील, एवढा साधा हिशेब होता.

डोलोरेसनं यादी दिली. रोज पाय बघायचा, तळवासुद्धा, आरसा धरून. जेवण वेळेवर आणि खाली बसून. तीन महिन्यांनी दवाखाना. आणि रोज थोडा वेळ असा काढायचा की ज्यात गाय नाही, यंत्र नाही. सोबत तासातासाच्या रेघा आखलेली एक जाड डायरी दिली. लाइलनं ती मन लावून चार दिवस भरली. पाचव्या दिवशी ती वासरांच्या खोक्यावर विसरला, आणि एका कालवडीनं मार्चपासून जूनपर्यंतचे महिने चावून खाल्ले. मग मुलीनं, करीननं, फोनवर गजर लावून दिले. पहिलाच गजर धार काढताना गायीच्या पोटाखाली वाजला. गायीनं लाथ झाडली, आणि फोन शेणाच्या चरात गेला तो गेलाच.

मार्चमध्ये बोटाची जखम दाखवायला गेला, तेव्हा डोलोरेसनं डोक्याला हात लावला. म्हणाली, स्वतःचा एक पाय तुमच्या लक्षात राहत नाही, मग गायी कशा सांभाळता? हा प्रश्न विचारायला नको होता. कारण बोलण्यात कंजूष असलेला लाइल गायींवर आला की सैल सुटायचा. त्यानं तिला चाक समजावून सांगायला घेतलं, आणि बाहेर रोग्यांची रांग लागली.

चाक म्हणजे दूधखोलीच्या भिंतीवरची पत्र्याची मोठी गोल पाटी. कडेनं वर्षाच्या दिवसांच्या खाचा. प्रत्येक गायीचं नंबर घातलेलं लोहचुंबकाचं बटण त्यावर चिकटवलेलं. रोज सकाळी चाक एक खाच फिरवायचं, की सगळ्या गायी एकेक दिवस पुढे सरकतात. कुठली माजावर आली की भरवायची, कुणाची गाभण तपासणी आली, कुठलीचं दूध बंद करून तिला आटवायची, कुणाचे खूर बघायचे, ते लांबूनच दिसतं. काम झालं की बटण मागे घ्यायचं. नाही झालं, की ते चाकाबरोबर सरकत लाल पट्ट्यात शिरतं, आणि मग खोलीत पाऊल टाकणाऱ्या प्रत्येकाला दिसतं की या गायीची आबाळ चाललीय. "एकतीस वर्षांत माझी एकही गाय लाल पट्ट्यात," असं म्हणता म्हणता लाइल मध्येच थांबला. टोपी डोक्यावर घातली आणि डोलोरेसचा निरोपसुद्धा न घेता निघाला.

घरी आला तो अंगातला कोट न काढता थेट दूधखोलीत. नवी बटणं घेतली, प्रत्येकावर सत्तेचाळीस घातलं आणि चाकावर लावत सुटला. पहिल्या दिवशी अकरा बटणं लागली. पाय, जेवण, चालणं, झोप, साखर, नातवंडं, काय काय. त्याची बायको जॅनेट दारात येऊन म्हणाली की चाकाला गोवर उठलाय. आठवडाभरात लाइललाही कळलं, की अकरा बटणं म्हणजे एकही नाही. सेहेचाळीस गायींना तो काय सगळंच रोज बघत होता? जे चुकलं की गाय जाते तेवढंच चाकावर असायचं, बाकीचं अंगवळणी. म्हणून तीन ठेवली. पांढरं पायाचं, ते रोज एक खाच मागे घ्यायचं. पिवळं दवाखान्याचं, नव्वद खाचांचं. आणि निळं जॅनेटचं, सात खाचांचं.

निळ्याचं सांगायलाच हवं. त्या भागात शुक्रवारी संध्याकाळी सगळा गाव मासे खायला गुत्त्यावर जमतो. लेकराबाळांसकट जमतो, त्यात कुणाला काही वावगं वाटत नाही. जॅनेट अकरा वर्षं बहिणीबरोबर जात होती, कारण शुक्रवारीही गायींची धार साडेपाचलाच. लाइलनं ठरवलं की धार चारला घ्यायची. पण गायीला घड्याळ एकदम बदललेलं चालत नाही, दूध चोरते. म्हणून त्यानं दर दोन दिवसांनी दहा मिनिटं अलीकडे आणली. गायींना पत्ता लागू न देता तीन आठवड्यांत दीड तास सरकवला. मग एका शुक्रवारी आंघोळ करून, स्वच्छ सदरा घालून जॅनेटसमोर उभा राहिला. तिला आधी वाटलं कुणीतरी गेलं. भाजलेला मासा मागवला त्यानं, तळलेला नाही, आणि तो चेहरा पाडून का होईना, सगळा खाल्ला.

चेष्टा तर होणारच होती. त्या खोलीत दुधाची गाडी नेणारा येतो, गुरांचा डॉक्टर येतो, कृत्रिम रेतनानं गायी भरवणारा गॉर्डी येतो. गॉर्डीनं बटण बघून विचारलं, की हा सत्तेचाळीस नंबर माजावर कधी येतोय? आतून जॅनेट म्हणाली, "वाट बघून मीच आटले रे बाबा." लाइल कानापर्यंत लाल झाला, पण त्यानं बटण काढलं नाही. उलट नियम केला, की आपल्या तीन बटणांना दुसऱ्या कुणी हात लावायचा नाही. दुसऱ्यानं हलवलेलं बटण म्हणजे दुसऱ्यानं खाल्लेलं औषध.

एप्रिल गेला, मे गेला, पांढरं बटण एकदाही लाल पट्ट्यात शिरलं नाही. साखर उतरली. डोलोरेसनं तर एकदा हसूनसुद्धा दाखवलं.

मग जून आला, आणि लसूणघासाची पहिली कापणी. आधी नऊ दिवस पाऊस, एक काडी कापता येईना. दहाव्या दिवशी आभाळ असं कोरं झालं की शिवारभर एकदमच यंत्रं सुरू झाली. लाइल पहाटे चारला उठायचा आणि अंधार पडला की परतायचा. चाक रोज फिरवायचा, ती तर हाताची सवयच. गायींची बटणं हलवायचा. पांढऱ्याकडे बघून म्हणायचा, उद्या. निळं बटण लाल पट्ट्यात गेलं. जॅनेट एकटी मासे खाऊन आली, आणि काही बोलली नाही. तिला पांढरंही दिसत होतं. पण नियम होता ना!

अशात रे स्टॅनेक आला. वर्षातून दोनदा यायचा, गाय उभी करायचा लोखंडी पिंजरा गाडीमागे जोडून. आला की आधी चाकावरून पायाचं दुखणं असलेल्या गायी लिहून घ्यायच्या, ही त्याची रीत. सत्तेचाळीस, पाय, लाल पट्ट्यात आठ खाचा आत. त्याला नवलच वाटलं. लाइलच्या गोठ्यात, आणि आठ दिवस? दोनदा गोठा पालथा घातल्यावर तो अंगणात आला. लाइल ट्रॅक्टरवर चढायच्या बेतात होता. चौदा एकर घास कापून पडलेला, वाळत आलेला, आणि गुरुवारी पाऊस सांगितलेला.

रेनं विचारलं, सत्तेचाळीस कुठं बांधलीय? लाइलनं खाली न बघताच सांगितलं, की ती गाय नाही, मी आहे. रे पोट धरून हसला. मग त्याला त्या आठ खाचा आठवल्या, आणि त्याचं हसू मावळलं.

"बूट काढ."

"घास गोळा झाला की काढतो."

"अरे म्हाताऱ्या, तुझ्या गायीला मी आठ दिवस लाल पट्ट्यात ठेवली असती, तर तू मला फाटकाबाहेर काढलं असतंस. उतर खाली."

लाइल उतरला. उलट्या बादलीवर बसला. बूट निघाला, मोजा निघेना, तो तळव्याला चिकटलेला. पाणी मारून सोडवला तर खाली पावट्याएवढी जखम, कडेनं पांढरी. लाइलला काही कळलंच नव्हतं, त्या पायाला दुखणं कळायचंच बंद झालेलं. रेनं बूट उपडा करून आपटला, तर तारेच्या कुंपणाचा एक वाकडा खिळा खाली पडला. रे वर्षाला हजारो खूर बघणारा, पण त्यानं जखमेला बोटसुद्धा लावलं नाही. म्हणाला, मी गायींचा माणूस. लाइलला उचलून गाडीत घातलं, जॅनेटला मध्ये बसवलं, आणि गायीच्या पिंजऱ्यासकट गाडी दवाखान्याच्या दारात नेऊन उभी केली.

डॉक्टरनं जखम तपासली. हाडापर्यंत पोचलेली नव्हती, पण आणखी चार दिवस गेले असते तर पोचली असती. त्यानं जखमेखाली पोकळी राहील असा उंच तळाचा बूट आणि कुबड्या दिल्या, आणि सांगितलं, की सहा आठवडे या पायावर भार नाही, ट्रॅक्टर तर नाहीच. रेनं बूट उलटसुलट करून बघितला. त्याला ओळखीचं वाटलं. गायीचं एक नख दुखत असलं की तो शेजारच्या चांगल्या नखाखाली लाकडी ठोकळा चिकटवतो, दुखऱ्यावर भार पडू नये म्हणून. "हे मी निम्म्या वेळात केलं असतं," तो म्हणाला, आणि डॉक्टरला ठोकळ्याचं सांगत बसला.

परतताना जॅनेट म्हणाली, की मला रोज दिसत होतं. मी बटण हलवलं असतं तर ते तुझं राहिलं नसतं, म्हणून गप्प बसले, आणि आता त्याचंच वाईट वाटतंय.  लाइल म्हणाला, नियम चुकला माझा. तेव्हापासून ठरलं, की बटणाला हात त्यानंच लावायचा, पण लाल पट्ट्यात गेलं की जॅनेटनं तोंड सोडायचं. ती म्हणाली, हे मला जमेल.

गुरुवारी पाऊस आला. शेजारच्या अर्नीनं पाच एकर घास कसाबसा गठ्ठे बांधून आत टाकला, बाकीचे नऊ एकर जागेवर काळे पडले. गेल्या किती वर्षांत इतका भरघोस घास आला नव्हता. लाइल स्वयंपाकघराच्या खिडकीशी पाय वर करून बसला आणि तो भिजताना बघत राहिला. कुबड्या हाताशी होत्या. जॅनेट सारखी त्यांच्याकडे बघत होती. तो उठला नाही.

दवाखान्यातून आल्याच्या आठव्या दिवशी राहिलेल्या गायी उरकायला रे परत आला. ऊन कडक पडलेलं, पलीकडच्या शेतात अर्नीचं यंत्र धडधडत होतं. लाइलनं खुर्ची दूधखोलीत आणून घेतली होती, डावा पाय बादलीवर, समोर चाक, उघड्या दारातून सगळी दावण दिसेल अशा बेतानं बसलेला. पांढरं बटण जागच्या जागी होतं. रेनं दाराला टेकून विचारलं, की दुसरी कापणी तीन आठवड्यांवर आली. तोवर तू असाच बसशील, हे मी खरं मानायचं?

लाइल म्हणाला, "गाय वासराला नऊ महिने घेते. एकतीस वर्षांत मी एकीलाही म्हटलं नाही, की बाई, जरा आटप. माझे तर बेचाळीसच दिवस आहेत, त्यातले आठ झाले. तू जा, बारा नंबरला आधी घे, सकाळपासून ती मागचा उजवा पाय टेकत नाहीये."