सुमनमावशीची तारीख

सुमनमावशी गेली त्याच्या आदल्या दुपारी अमरावतीच्या दवाखान्यात मी तिला पेज भरवत होते. चमचा बाजूला सारून तिनं विचारलं, "तारीख कवा आहे वं?" मी म्हटलं, "आता तरी सोड त्याले." ती म्हणाली, "काहून सोडू? त्यानं मले सोडलं होतं का?"

'तो' म्हणजे अकोल्याच्या ज्या शाळेत मावशीनं उभं आयुष्य गणित शिकवलं, त्या शाळेचा अध्यक्ष. तिच्या जागी आपल्या पुतणीला घेता यावं म्हणून त्यानं पालकांच्या भरसभेत सांगितलं, की बाईंनी पेपर फोडला. चौकशीत ती निर्दोष ठरली, पण तोवर ओळखीच्या बायका तिला पाहून रस्ता बदलू लागल्या होत्या. मावशीनं त्याच्यावर अब्रूनुकसानीचा फौजदारी खटला भरला आणि ती माझ्याकडे अमरावतीला राहायला आली. मूलबाळ नव्हतंच. प्रत्येक तारखेला कडक इस्त्रीची साडी नेसून ती एसटीनं अकोल्याला जायची. आम्ही घरचे तारखांना कंटाळलो, ती नाही. खटला लवकर संपवायचा अर्ज करू, असं वकील म्हणाले तेव्हा तिनं चक्क नकार दिला. परतीच्या बसमध्ये मी चिडले, तर शांतपणे म्हणाली, "निकाल काय लागन, मले माईत नाही. पण ज्याच्यासाठी सारी शाळा उभी रायते, तो तिथं नाव पुकारलं का हात बांधून उभा रायते. मी बसून पायतो."

न्यायावर तिचा विश्वास होता की नाही, सांगता येत नाही. कोर्ट मात्र तिला माहेरासारखं वाटायचं... तिथं तिच्या बाजूनं कुणीतरी त्याला हाक मारून बोलवत होतं. पुढे अध्यक्षानं माणूस पाठवला. घरी येऊन माफी मागतो, खटला मागं घ्या. "सभेत बोलला ना? मंग माफीबी सभेतच," मावशी म्हणाली. ते त्याला झेपलं नाही. तो माणूस गेल्यावर ती कितीतरी दिवसांनी गुणगुणत होती.

ती गेल्यानंतरच्या तारखेला मी अकोल्याला गेले. खटला मला पुढं चालवू द्यावा, असा अर्ज वकील देणार होते. अध्यक्षाला बातमी कळलेली असावी. व्हरांड्यात तो मोकळेपणानं हसत होता. पुकारा झाला, तो पुढं जाऊन उभा राहिला, आणि इतक्या वर्षांच्या सवयीनं त्याची मान आपोआप मागं वळली... खिडकीखालच्या बाकाकडे, मावशीच्या जागेकडे.

तिथं मी बसले होते. नजर आधी त्यानंच खाली घातली.