ज्याचं बोट, त्याचं तोंड बंद

आंबिवलीच्या शाळेत चौथीचा वर्ग महेंद्र सरांकडे. वय छप्पन्न, राहणं ठाकुर्लीच्या चाळीत, हातात खडू धरून तीस वर्षं झालेली. पाढे घ्यावेत तर सरांनीच, हे हेडमास्तरसुद्धा मानायचे. पण माणूस भारी मानी. एखादी गोष्ट आपल्याला येत नाही हे कबूल करायचं म्हटलं की हे विषयच बदलायचे.

म्हणून तर शाळेला भेट मिळालेले पाच टॅब आठ महिने कपाटात पडून होते. पोरं फोडतील, असं सर सगळ्यांना सांगायचे. पोरं कसली फोडतायत! सरांना तो टॅब चालूसुद्धा करता येत नव्हता, आणि विचारायचं कुणाला? मग एक दिवस निरोप आला. टॅब देणाऱ्या संस्थेच्या कलावती मॅडम पंधरा दिवसांनी ठाण्याहून येणार आणि टॅब वापरात नसतील तर दुसऱ्या शाळेला देऊन टाकणार. सरांच्या पाचावर धारण बसली. आपल्या ताठ्यापायी पोरांच्या हातातलं जाणार, हे काही त्यांना सहन होईना.

दुसऱ्याच दिवशी त्यांनी कपाट उघडलं. पोरं एकोणीस, टॅब पाच. चौघाचौघांचे गट केले तर शेवटच्या गटात एक जण कमी पडला. तिथे जयेश, सुशांत आणि हेमाली. हेमालीचे बाबा खाडीवर मासे धरायचे, आणि घरातला फोन चालवायची ती हीच. सर त्या तिघांत मांडी घालून बसले आणि हळूच म्हणाले, "मला येत नाही गं. दाखव जरा." एवढं एक वाक्य बोलायला आठ महिने!

हेमालीनं दाखवलं. पण बाकीच्या गटांत नुसती हिसकाहिसकी. चलाख पोरगा टॅब बळकावणार, उरलेले तिघे माश्या मारत बसणार. सर दोन दिवस वैतागले, आणि मग त्यांना लहानपणीचं वर्तमानपत्र आठवलं. अख्ख्या चाळीत एकच यायचं. संध्याकाळी ओट्यावर एकानं वाचायचं, दुसऱ्यानं अर्थ सांगायचा, तिसऱ्यानं 'का?' विचारायचं. वाचणाऱ्यानं अर्थ सांगण्यात नाक खुपसायचं नाही, नाहीतर शिकलेला माणूसच बोलत राहतो, असं सरांचे वडील जगन म्हणायचे. त्यांना स्वतःला अक्षर वाचता येत नव्हतं, पण अर्थ सांगायला बसले की सगळी चाळ गप्प.

तोच कायदा सरांनी वर्गात आणला. एकाचं बोट, दुसऱ्याचं सांगणं, तिसऱ्याचा 'का', चौथ्याची वही. ज्याचं बोट, त्याचं तोंड बंद. कामं रोज बदलायची आणि सरांनाही सूट नाही. दहा दिवसांत वर्ग असा रंगला की पोरं मधली सुट्टी विसरायला लागली.

आणि मॅडम आल्या नेमक्या त्या दिवशी, जेव्हा बोटाची पाळी सरांची.

त्या येऊन सरांच्याच मागे उभ्या राहिल्या. टॅबवर दोन भाकऱ्या, एकीचे तीन सारखे तुकडे, दुसरीचे चार. कुठला तुकडा मोठा? सांगायची पाळी जयेशची. चार आकडा मोठा, म्हणून त्यानं चारातला एक सांगितला. सरांना घाम फुटला. पण कायदा म्हणजे कायदा. त्यांनी निमूटपणे चुकीच्या तुकड्यावर बोट ठेवलं. टॅबवर भली मोठी लाल फुली आली.

तुम्हीच कसे चुकताय, असं मॅडमनी विचारलं. सर गप्प. परत विचारलं, तरी गप्प. मॅडमचा चेहरा उतरला आणि सरांना वाटलं, गेले टॅब. तेवढ्यात हेमालीनं जयेशला विचारलं, "का?" जयेशनं भाकऱ्यांकडे नीट पाहिलं. एकच भाकरी चौघांत वाटली तर वाट्याला कमीच येणार, असं तो स्वतःशीच पुटपुटला आणि त्यानं सरांना दुसरा तुकडा सांगितला. सुशांतनं ते वहीत लिहून घेतलं.

मग हेमाली मॅडमकडे वळली. "आज सरांचं बोट आहे, त्यांना बोलता येत नाही. मला विचारा."

सरांना हे सगळं कुणी शिकवलं, असं मॅडमनी विचारलं.

"आम्ही. सरांना काहीच येत नव्हतं. म्हणून तर आठ महिने टॅब कपाटात होते."

सरांचे कान लाल झाले. पोरीला थांबवावं तर तोंडाला त्यांचंच कुलूप! खाली मान घालून ते त्या भाकरीकडे बघत राहिले.

मॅडमनी पाचही गटांवर नजर फिरवली. मग त्यांनी विचारलं, "माझ्यासाठी कुठे जागा आहे का?" तिसऱ्या गटात एक मुलगी आली नव्हती. मॅडम तिथे जमिनीवर बसल्या आणि त्यांच्या वाट्याला बोट आलं. त्या काही बोलायला गेल्या, तर तिथल्या पोरांनी त्यांनाही गप्प केलं.

तास संपल्यावर बोटं आणि तोंडं मोकळी झाली. टॅब इथेच राहतील, मॅडम म्हणाल्या. आता सर हेमालीला रागावणार म्हणून वर्ग चिडीचूप बसला होता. सर उठले, गुडघे झटकले आणि सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाले, "हेमाली खरं बोलली. मला येत नव्हतं. अजूनही फोटो काढता येत नाही. उद्या ते कोण शिकवणार?"

एकोणीस हात वर झाले. अठरा पोरांचे आणि एक मॅडमचा.